रोलच्या शेवटी उरलेले फोटो : तुमच्याही घरातले अनुभव लिहा

आईचा एक चांगला फोटो हवा होता म्हणून मागच्या महिन्यात फोन पालथा घातला. समारंभांतले शेकडो सापडले. सगळ्यांत ती ताठ उभी, नजर कॅमेऱ्याकडे. ही माझी आई नव्हेच, असं वाटत राहिलं. मग एक मिळाला. खिडकीशी बसून ती सुईत दोरा ओवतेय. ओलं केलेलं टोक चिमटीत, एक डोळा मिटलेला, ओठ नकळत आत ओढलेले. तो मी कधी आणि का काढला, काही आठवत नाही, पण त्यात ती आहे. तुमच्याकडे असा एखादा फोटो असेल तर त्याची गोष्ट लिहा. फोटो नसला, नुसती गोष्ट असली, तरी चालेल.

*

आमचे बाबा फिल्मवर फोटो काढायचे. ३६ फोटोंचा रोल. सहलीहून परतलो की दोन-तीन फोटो उरलेले असायचे आणि रोल धुवायला टाकायची घाई. मग ते घरातच संपवायचे: दारातल्या चपला, वहीवर डोकं टेकून झोपलेला भाऊ, दोरीवरचे कपडे काढणारी आई. 'वाया गेलेले' म्हणून आम्ही ते अल्बममध्ये लावलेसुद्धा नाहीत. गेल्या वर्षी निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या. पट्टीच्या कडेला फ्रेमचे नंबर छापलेले असतात. पहिल्या तिसात डोंगर आणि पुतळे, ज्यांचे याहून सरस फोटो कुठेही मिळतील. आमचं घर ३४, ३५ आणि ३६ मध्ये आहे. आता पट्टी हातात आली की मी आधी शेवटचं टोक उजेडाला धरतो.

*

घरात फोटो काढताना छताचा दिवा बंद करून बघा. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली सावल्या येतात. खिडकीचा उजेड बाजूने येतो आणि चेहरा उठून दिसतो. आणि मुलांसाठी जमिनीवर बसा. मुलगा बुटाची नाडी बांधायला शिकत होता, मी उभ्याने काढले तर प्रत्येकात नुसता डोक्यावरचा भोवरा. फरशीवर आडवी झाले तेव्हा दाताखाली धरलेली जीभ दिसली. शटर १/३० सेकंद उघडं होतं, तेवढ्यात हललेली बोटं धुरकट आली. तरी तोच ठेवलाय. नाडी तीनदा सुटली होती, ही चौथी खेप.

*

मी सहा महिन्यांची असतानाच्या फोटोत एकटीच बसलेय, पण मागच्या चादरीतून चार बोटं डोकावतात. मावशीला विचारलं तर तिला हसू आवरेना. बोटं तिचीच! मी सारखी कलंडत होते म्हणून ती चादरीआड वाकून मला धरून बसली होती. एकोणिसाव्या शतकात एका फोटोला काही सेकंद लागायचे, तेव्हाही बाळ हलू नये म्हणून आया अशाच कापड पांघरून मागे बसत. तसे फोटो पुष्कळ आहेत. माझ्या फोटोतली बोटं कोणाची, हे सांगणारी मात्र मावशी एकटीच. त्याच दिवशी फोटोच्या पाठीवर लिहून टाकलं, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने, अलगद. बॉलपेनने दाबून लिहिलं की पुढे वळ उठतात.

*

मुलगी तेरा वर्षांची झाली आणि म्हणाली, "बाबा, मला विचारल्याशिवाय फोटो नको." वाईट वाटलं, पण तिचं बरोबर होतं. आता विचारतो. बहुतेकदा 'नाही'च येतं. मग मी वहीत दोन ओळी लिहितो आणि तिला दाखवतो. परवाच्या ओळी: 'दार आपटून गेली. पाच मिनिटांनी चार्जर मागायला आली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.' तिने वाचलं, पेन मागितलं आणि खाली लिहिलं: 'दार वाऱ्याने आपटलं.' खांद्याच्या ओळीला हात लावला नाही.