परवीनच्या मागची कॉर्नेलिया
'१९२१च्या मुंबईत असली वकीलबाई कुठून यायची?' हे या कादंबरीबद्दल कुणीतरी घेतलेलं आक्षेपवजा म्हणणं अर्धंच पटलं. 'द विडोज ऑफ मलबार हिल' या सुजाता मॅसींच्या रहस्यकादंबरीतल्या वकील परवीनमागे खऱ्याखुऱ्या वकील कॉर्नेलिया सोराबजी आहेत. जन्म नाशिकचा, १८६६चा; डेक्कन कॉलेज, मग ऑक्सफर्ड. कायद्याची परीक्षा १८९२ला दिली, पदवी हातात पडली १९२२ला! पडदा पाळणाऱ्या, परपुरुषांसमोर न येणाऱ्या बायकांची कायद्याची कामं त्या खरोखरच बघायच्या. बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा मात्र १९२३चा, तेवढी सूट लेखिकेने घेतलीय.

माझी प्रत मावशीकडून आली, तिला शेजारणीने दिलेली. मध्येच चहाचा गोल डाग, आणि खुनी कोण ते कुणा महाभागाने समासात पेन्सिलीने लिहिलेलं! मी खोडलंय, पण उजेडात धरलं की अजून वाचता येतं. चालणार असेल तर पुढचा नंबर लावा.