मदत हवी आहे: गुरुवारी रात्री प्रागची बस, शनिवारी कार्ड संपतंय, जाऊ की नको??

अडकित्ता_०७ (सोमवार, रात्री ११:४२)
मंडळी पटकन सांगा प्लीज. गुरुवारी रात्री प्राग, तिथून व्हिएन्ना, मग बुडापेस्ट आणि सोमवारी परत असा प्लॅन आहे, आम्ही चौघं आहोत, तिकिटं हॉस्टेल सगळं बुक झालंय आणि यातलं काहीही रिफंडेबल नाही. आज पाकीट आवरताना सहज बघितलं तर माझं कार्ड शनिवारी संपतंय. रिन्यूअलचं चालू आहे. बाकी तिघांची कार्डं पुढच्या वर्षीपर्यंत आहेत त्यामुळे त्यांचं म्हणणं चल रे, कोण बघतंय. असं कोणी गेलंय का? हो किंवा नाही एवढंच सांगा, लेक्चर नको, मंगळवारी परीक्षा पण आहे.

राईनकाठ (११:५१)
कसलं कार्ड? बँकेचं, लायब्ररीचं? आणि देश कुठला ते तरी लिहा राव.

घाटावरचा_पक्या (११:५३)
मंगळवारी परीक्षा आणि सोमवारी बुडापेस्टहून परत. धन्य आहेस लेका.

अडकित्ता_०७ (११:५५)
रेसिडन्स परमिट हो. जर्मनी, अजून कुठे. मास्टर्सचं तिसरं सेमिस्टर. आता सांगा.

बिनपाण्याची_होडी (मंगळवार, रात्री १२:०४)
अजिबात जाऊ नकोस. मी पोलंडला होते शिकायला, माझं कार्ड संपलं, नवीन यायचं होतं, तेव्हा पासपोर्टवर एक शिक्का मारून दिला, त्या शिक्क्यावर पोलंडमध्ये राहता येतं पण दुसऱ्या शेंगेन देशात (म्हणजे आपसात बॉर्डर उघडी ठेवलेल्या युरोपातल्या देशांत) जाता येत नाही. बर्लिन एवढं जवळ, मैत्रिणी दर महिन्याला फोटो टाकायच्या आणि मी बसलेय रूमवर. आठ महिने गेले माझे. तुझं पण तेच होणार.

घाटावरचा_पक्या (१२:०९)
काही होत नाही. शेंगेनमध्ये बॉर्डरच नाही तर चेक कोण करणार? मी दोन वर्षांत पंधरा देश केले, पासपोर्ट बॅगेतून बाहेर काढायची वेळ आली नाही. जा बिनधास्त.

राईनकाठ (१२:२०)
पक्या, तू कधी केलेस ते पंधरा देश? सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि चेकच्या बाजूला तर त्याच्याही आधीपासून आहे. बस थांबवतात, पोलीस आत चढतात, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. जाताना नाही तर येताना नक्की गाठतील, आणि हा येणार सोमवारी, कार्ड संपल्यावर.

होडीताई, पोलंडचा नियम जर्मनीला लावू नका, इथे प्रकार वेगळा आहे. पण त्याआधी अडकित्ता, "रिन्यूअलचं चालू आहे" म्हणजे नेमकं काय चालू आहे? अर्ज दिलास का?

अडकित्ता_०७ (१२:२४)
हो केलंय सगळं. तीन आठवड्यांनी टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट आहे. परमिटच्या ऑफिसला दोन मेल पण केले, उत्तर नाही. शहराचं नाव लिहीत नाही, साक्सनी राज्यामधलं एक गाव समजा.

सुपारी_फुटली (१२:३१)
टर्मिन आहे म्हणजे टर्मिन घेतलंस, अर्ज दिलास की नाही ते नाही कळलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत रे बाबा.

अडकित्ता_०७ (१२:३३)
वेबसाइटवर टर्मिन बुक केलं, नाव, जन्मतारीख टाकली, कन्फर्मेशन आलं. कागद टर्मिनलाच घेऊन या म्हणतात ना?

राईनकाठ (१२:५२)
हां. इथे घोळ आहे. आता लेक्चर नको म्हणालास तरी वाच.

जर्मनीच्या कायद्यात असं आहे की कार्ड संपायच्या *आधी* तू मुदतवाढीचा अर्ज दिलास तर निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालू आहे असं धरतात. परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्याचं कलम ८१, उपकलम ४. कार्डावरची तारीख उलटली तरी तू बेकायदेशीर होत नाहीस, शिक्षण आणि पार्टटाइम काम आधीसारखं चालू राहतं. पण त्यासाठी अर्ज हवा. नुसतं टर्मिन म्हणजे अर्ज असं धरून बसू नकोस, कुठल्या ऑफिसात धरतात, कुठल्या ऑफिसात नाही, आणि तुझ्या ऑफिसात काय धरतात हे तुला शनिवारनंतर कळण्यात अर्थ नाही.

तेव्हा आत्ता, म्हणजे झोपायच्या आधी, मेल टाक. दोन ओळी पुरे, की मी माझ्या परमिटच्या मुदतवाढीसाठी अर्ज करत आहे. फॉर्म वेबसाइटवर असेल तर भरून जोड. सोबत पासपोर्ट, कार्डाच्या दोन्ही बाजू, युनिव्हर्सिटीचं या सेमिस्टरचं सर्टिफिकेट, हेल्थ इन्शुरन्सचं पत्र, पैशाचा पुरावा, घराचं भाड्याचं अॅग्रीमेंट. विषयात जन्मतारीख आणि कार्ड कधी संपतंय ते लिही. पाठवलेल्या मेलची प्रिंट काढून ठेव.

अडकित्ता_०७ (१२:५८)
पैशाचा पुरावा म्हणजे? व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवतात ते ब्लॉक्ड अकाउंट पहिल्या वर्षीच संपलं. आता पार्टटाइमवर चालू आहे.

सुपारी_फुटली (१:०२)
अरे देवा. एकेक गोष्ट बाहेर येतेय याची, कांदा सोलल्यासारखी.

तीन-चार महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कामाचं काँट्रॅक्ट जोड. घरून पैसे येत असतील तर बँक स्टेटमेंट. कमी पडत असेल तर ते टर्मिनला बघता येईल, आधी अर्ज जाऊ दे.

खडूस_बाबा (सकाळी ७:१०)
आमची मुलगी नेदरलँड्सला आहे. या मुलांना कार्डाची तारीख बघायला वेळ नाही पण बुडापेस्टचं हॉस्टेल बुक करायला आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा मेसचा डबा आणि खोली यापलीकडे काही माहीत नव्हतं. असो. प्रश्न विचारतो, विमानात चेक-इन बॅगेत प्रेशर कुकर नेता येतो का? मुलीला पाठवायचा आहे. तिसऱ्यांदा विचारतोय या ग्रुपवर, कोणी उत्तर देत नाही.

गुळाचा_चहा (७:४८)
मी काय म्हणते, चेक-ऑस्ट्रिया-हंगेरी सोडूनच दे. डॉइचलांडटिकिट, जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास, आहे ना तुझ्याकडे? त्यावर साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, ऑस्ट्रियात आहे पण स्टेशनपर्यंत तिकीट चालतं. म्युनिकहून दोन तास. फक्त लोकल आणि रिजनल गाड्या घ्यायच्या, आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या फास्ट गाडीत, बसायचं नाही. महिन्याला ४९ युरोचं होतं ते ६३ झालं तरी मला परवडतं. किल्ल्यावर चढून जायचं, केबल रेल्वेचे पैसे वाचतात, आणि खाली नदीकाठी बसून घरचे पराठे खायचे. आम्ही सहा वेळा गेलोय. सातव्यांदा पण जाऊ.

घाटावरचा_पक्या (७:५५)
साल्झबुर्ग पण ऑस्ट्रियातच आहे ताई. कार्डाचा प्रश्न तिथे काय सुट्टीवर जातो का?

गुळाचा_चहा (७:५७)
मी शुक्रवारी जाऊन शुक्रवारी परत यायचं म्हणत होते. वाचायला शिक.

बिनपाण्याची_होडी (८:२०)
राईनकाठ, तुम्ही म्हणता जर्मनीत वेगळं आहे, मग माझ्या रूममेटच्या भावाला ड्रेसडेनमध्येच कागद मिळाला होता आणि ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की यावर बाहेर जाऊ नका. हा तोच कागद ना?

राईनकाठ (८:४५)
चांगला मुद्दा काढलात. अर्जाचा निर्णय होईपर्यंत देतात त्या तात्पुरत्या कागदाला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात, पोरं नुसतं फिक्शन म्हणतात. त्याच्यावर तीन चौकटी असतात. फुली कुठल्या चौकटीवर आहे त्यावर सगळं अवलंबून. पहिल्या दोन असतील तर त्या कागदावर व्हिसा नसताना परत आत येता येत नाही, त्या भावाचं तसं असेल. तिसऱ्या चौकटीवर फुली असेल, म्हणजे तेच ८१ चं चौथं उपकलम, तर तो कागद *अधिक जुनं संपलेलं कार्ड* अधिक पासपोर्ट असे तिन्ही मिळून प्रवास करता येतो. जर्मनीने हा कागद शेंगेनच्या यादीत कळवलेला आहे. कागद एकटा चालत नाही, म्हणून जुनं कार्ड फेकायचं नाही.

मी स्वतः याच्यावर मुंबईला जाऊन आलो. येताना मुंबईच्या काउंटरवर एअरलाइनच्या माणसाने तो हिरवट कागद उलटासुलटा केला, साहेबांना बोलावलं, साहेबांनी कुठेतरी फोन लावला, पाऊण तास मी बाजूला उभा आणि मागची रांग माझ्याकडे बघतेय. शेवटी सोडलं. फ्रँकफर्टला उतरल्यावर पोलिसाने दहा सेकंदात शिक्का मारला. म्हणजे नियम माहीत असलेल्याला अडचण नाही, माहीत नसलेल्याला समजावताना घाम फुटतो.

सुपारी_फुटली (९:०५)
पण कार्ड चालू असताना फिक्शन देत नाहीत, संपल्यावर या म्हणतात. माझा अनुभव.

राईनकाठ (९:११)
माझ्या बायकोला आठवडाभर आधी दिलं.

सुपारी_फुटली (९:१२)
कोलोनमध्ये देत असतील. सगळी जर्मनी म्हणजे कोलोन नाही.

राईनकाठ (९:१४)
म्हणून तर म्हणतोय प्रत्यक्ष जा. अडकित्ता, उद्या सकाळी ऑफिस उघडायच्या अर्धा तास आधी दारात उभा राहा. बसची, हॉस्टेलची बुकिंगं प्रिंट करून ने, मेलची प्रिंट ने, पासपोर्ट फोटो ने. फी १३ युरो. जर्मन येत नसेल तर एखाद्या येणाऱ्या मित्राला ने, हे फुकटचं वाटतं पण यानेच काम होतं. आणि नाहीच मिळालं तर प्लॅन छाट, शुक्रवारी प्राग फिर आणि त्याच रात्री परत ये, कार्ड शनिवारपर्यंत आहे. बुडापेस्ट पळून जात नाही.

पोटापुरता_प्रवासी (१०:३०)
बसने कशाला जाताय, इंटररेल पास घ्या, युरोपभर रेल्वेने फिरायचा. लक्षात ठेवा युरेल नाही, ते युरोपाबाहेर राहणाऱ्यांचं, इंटररेल. पासपोर्ट भारताचा असला तरी युरोपात राहत असाल तर इंटररेलच घ्यायचा, आणि २७ वयापर्यंत स्वस्त. रात्रीच्या बसमध्ये मान अवघडते. शिवाय प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट चालतं, युरो नाही. एटीएमने विचारलं की युरोत कापू का, तर नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात कापू द्यायचं.

अडकित्ता_०७ (१०:३३)
दादा तिकिटं काढून झालीत. पहिल्याच ओळीत लिहिलंय.

पोटापुरता_प्रवासी (१०:४०)
पुढच्या वेळी कामाला येईल.

मोरपिशी (दुपारी २:१५)
माझा प्रश्न पण याच्यातच विचारते. मी पण जर्मनीत, कार्ड अजून दीड वर्ष आहे, त्याच्यावर लंडनला भावाकडे जाता येईल ना? तिथे पण युरोपच आहे.

घाटावरचा_पक्या (२:१८)
हो, येईल की.

राईनकाठ (२:२५)
पक्या, बस कर. मोरपिशी, नाही. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, दोघांचा वेगळा व्हिसा लागतो. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, तिथे चालतं. क्रोएशिया २०२३ पासून, बल्गेरिया-रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले. दुसऱ्या देशात राहायचं ते कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस.

अडकित्ता_०७ (बुधवार, दुपारी १:०५)
अपडेट. काल रात्री मेल टाकला, अटॅचमेंट जास्त एमबीचं झालं म्हणून परत आला, मग दोन मेल केले. आज ७:१५ ला दारात, माझ्या आधी अकरा जण होते. सिक्युरिटीवाला म्हणे टर्मिन नसेल तर घरी जा. माझा फ्लॅटमेट जर्मन आहे, तो बिचारा परीक्षा सोडून आला होता माझ्यासाठी, त्याने कार्डाची तारीख दाखवली आणि हात जोडायचा तेवढा बाकी ठेवला. दोन तास बसवलं. आतल्या बाई पहिल्यांदा म्हणाल्या कार्ड अजून चालू आहे, सोमवारी या. मी म्हटलं सोमवारी मी हंगेरीत असेन. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की काय सांगू. मग कालचा मेल शोधला, पगाराच्या स्लिपा बघितल्या, कोणालातरी विचारून आल्या आणि कागद दिला. तिसरी चौकट!! तीन महिन्यांचा. १३ युरो कार्डानेच घेतले, कॅश घेत नाहीत आणि माझ्या बँकेत १९ होते.

राईनकाठ (१:१२)
शाब्बास. फोटो काढून ठेव पण ओरिजिनलच जवळ बाळग, घडी घालून पासपोर्टात, बॅगेत नाही. आणि हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड ने. सरकारी कंपनीचं असेल तर त्याची मागची बाजू युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्ड असते, तिन्ही देशांत चालते.

बिनपाण्याची_होडी (१:२०)
मला तेव्हा कोणी असं सांगायला नव्हतं. जाऊ दे. बुडापेस्टला रात्री नदीच्या पलीकडून पार्लमेंट बघ, माझ्या वाटणीचं पण बघून घे.

सुपारी_फुटली (१:२४)
१९ युरोतले १३ गेले, सहा युरोत तीन देश कसे करणार आहेस?

अडकित्ता_०७ (१:२६)
पगार उद्या येतो. बहुतेक. आणि एक विचारायचं राहिलं, आमच्यातला चौथा मुलगा पोलंडमध्ये शिकतो, तो प्रागला भेटणार आहे. तो आत्ता म्हणतोय त्याचं कार्ड नाही, पासपोर्टवर शिक्का आहे. त्याला चालेल ना?

बिनपाण्याची_होडी (१:२७)
नाही!!! वर वाच!!!

सुपारी_फुटली (१:२९)
तू तर लिहिलं होतंस बाकी तिघांची कार्डं पुढच्या वर्षीपर्यंत आहेत.

अडकित्ता_०७ (१:३१)
मला तोच तसं म्हणाला होता.

खडूस_बाबा (४:०२)
कुकरचं कोणी सांगेल का?

गुळाचा_चहा (४:१०)
काका, चेक-इन बॅगेत नेता येतो. शिट्टी आणि रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कुकरच्या आत डाळ भरा, जागा वाचते. केबिनमध्ये मात्र नेऊ नका, आमच्या सासूबाईंना सिक्युरिटीला वीस मिनिटं थांबवलं होतं.