पाचोळ्याचं खत: तुमचे अनुभव सांगा

पानगळ सुरू झाली की झाडून काढलेल्या पाचोळ्याला काडी लावली जाते. डोळे चुरचुरतात, आणि मातीत परत जायचं ते धुरात जातं. मला ते बघवत नाही. घरी पाचोळ्याचं खत केलं असेल तर लिहा. फसलं असेल तर नक्की लिहा.

माझंच आधी सांगते. पहिल्या वर्षी कोरडी पानं पोत्यात दाबून भरली आणि कोपऱ्यात ठेवून दिली. आठ महिन्यांनी तोंड सोडलं तर पानं जशीच्या तशी, हाताला कुरकुरीत. पाणीच दाखवलं नव्हतं! आता रात्रभर भिजवते, निथळते, मगच भरते.

*

ताई, माझं नेमकं उलटं झालं. ड्रमला भोकं नव्हती. पाणी तळाशी साचलं, पानांचे थर एकमेकांना चिकटून बसले आणि कुबट वास सुटला. सगळं उपसून पसरलं, भोकं पाडली, ड्रम विटांवर ठेवला. तेव्हापासून मूठभर पानं घट्ट पिळून बघतो. एकदोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त.

*

आमच्याकडे अंगण आहे, म्हणून तीन फूट लांब, रुंद आणि उंच असा ढीग केला. तीन पाट्या पाचोळ्याला एक पाटी ताजं कापलेलं गवत. चौथ्या दिवशी लोखंडी सळई आत खुपसून ठेवली. थोड्या वेळाने काढली तर हातात धरवेना. उकरल्यावर वाफ आली. पाचोळ्यात कार्बन भरपूर, नत्र कमी. ते गवतातून मिळालं की जिवाणू कामाला लागतात. पुढच्या खेपेला गवत जास्त झालं, तर नाकात जाणारा अमोनियाचा वास आला. आणखी पाचोळा मिसळला, वास गेला. दर आठवड्याला वरखाली केलं, तीन महिन्यांत खत तयार.

*

बाल्कनीतल्या क्रेटमध्ये असं तापत नाही, एवढ्याशा ढिगात ऊब टिकतच नाही. पण पानं चुरून घातली की वेळ बराच वाचतो. मुंग्या झाल्या तर समजा, आतून कोरडं पडलंय.

*

जाड, चकचकीत पानांचं काय करता? माझी वर्षभर हललीच नाहीत.

*

त्यांचं पोतं वेगळं ठेवा. वरच्या मेणचट थरामुळे त्यांना दीड-दोन वर्षंही लागतात. आणि पांढरी बुरशी दिसली तर माझ्यासारखं करू नका. मी घाबरून अख्खं पोतं टाकून दिलं होतं. पानातला चिवट भाग तीच तर फोडते! आता ते पांढरे धागे दिसले की जीव भांड्यात पडतो. खत चाळल्यावर चाळणीत शिरांच्या जाळ्या उरतात, त्या मी नव्या पोत्याच्या तळाशी घालते, विरजण म्हणून.