फॅब्रिकमधला रूट हरवला, तर आधी सेशन क्लिअर करायचे की आधी शोध घ्यायचा?

गोदाकाठचा लीफ (धागा सुरू करणारा)

गेल्या महिन्यात नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये घडलेला प्रसंग मांडतो आणि त्यावरून बनलेले माझे मतही सांगतो. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी मुद्द्याला धरून खोडावे.

फॅब्रिक, म्हणजे स्विचचे जाळे, लहान आहे: 2 स्पाईन (मधले स्विच), 6 लीफ (सर्व्हर ज्यांना जोडतात ते स्विच), व्हीएक्सलॅनवर (एकाच जाळ्यावर अनेक आभासी नेटवर्क चालवण्याची पद्धत) ईव्हीपीएन (कोणते यंत्र कोणत्या लीफमागे आहे हे बीजीपीने कळवण्याची पद्धत), आणि आरएफसी 7938 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात वर्णन केल्याप्रमाणे सगळीकडे ईबीजीपी, म्हणजे वेगवेगळ्या एएस (गट) क्रमांकांच्या स्विचनी एकमेकांना रूट, अर्थात पोहोचण्याच्या वाटा, कळवण्याचा प्रोटोकॉल. दोन्ही स्पाईनचा एएस क्रमांक 65100 आहे आणि लीफचे 65101 ते 65106 आहेत. पॅकिंग विभागाचा नवा सर्व्हर पाचव्या लीफवर लागणार होता, म्हणून त्या संध्याकाळी तिथे व्हीएनआय (आभासी नेटवर्कचा क्रमांक) 10020 नव्याने घेतला गेला. सर्व्हर लागला, पण दुसऱ्या लीफवरचा डेटाबेस त्याला दिसेना. ड्यूटीवरच्या इंजिनिअरने नेबर (बीजीपीचे शेजारी) पाहिले, तेव्हा त्यांच्याशी असलेली दोन्ही सेशन (जोडण्या) एस्टॅब्लिश्ड, म्हणजे चालू, होती आणि डेटाबेसचा रूट तेवढा गायब होता. त्याने पाचव्या लीफची दोन्ही स्पाईनकडची सेशन एकाच वेळी क्लिअर केली, म्हणजे तोडून पुन्हा उभी केली, त्यामुळे त्या लीफवर सुरळीत चाललेल्या जुन्या व्हीएनआयचे रूटही गेले आणि चार लाइनींवरचे बारकोड स्कॅनर बंद पडले. जुने रूट परत आले, 10020 चा आलाच नाही. मग पुन्हा क्लिअर, आणि शेवटी पहिल्या स्पाईनचा रीबूट, ज्यात तिच्या मेमरीतले लॉगही पुसले गेले.

सकाळी मी पाहिले, तेव्हा दुसऱ्या लीफचा रूट स्पाईनवर होता, स्पाईन तो पाचव्या लीफला पाठवतही होती, पण पाचव्या लीफवर तो व्हीएनआयच्या टेबलमध्ये उतरत नव्हता. बाकीच्या लीफवर रूट टार्गेट (कोणता रूट कोणत्या टेबलमध्ये घ्यायचा ते ठरवणारी खूण) हाताने 65100:10020 असे लिहिलेले होते आणि पाचव्या लीफच्या नव्या ओळीत ‘ऑटो’ होते. तिथे ऑटो म्हणजे स्वतःचा एएस क्रमांक लावून 65105:10020, आणि हे टार्गेट दुसरा कोणताही लीफ लावत नव्हता. एक ओळ बदलली आणि काम झाले. शंभर वेळा क्लिअर करूनही ते झाले नसते.

माझे म्हणणे असे की ‘रूट हरवला’ ही तक्रार म्हणून ठीक आहे, निदान म्हणून तिचा उपयोग नाही. गंगापूर धरणात पाणी आहे आणि सिडकोतल्या नळाला नाही, तर आपण धरणाचे दरवाजे वरखाली करत बसत नाही. पाणी कोणत्या जलकुंभापर्यंत आले ते आधी पाहतो. मूळ लीफने होस्ट (त्याला जोडलेले यंत्र) शिकला का, तो बीजीपीत घातला का, स्पाईनने घेतला का, पुढे देताना नेक्स्ट हॉप (पॅकेट ज्याच्याकडे पाठवायचे तो पत्ता) मूळ लीफचाच ठेवला का, समोरच्या लीफने स्वीकारला का, टेबलमध्ये उतरवला का, आणि शेवटी हार्डवेअरमध्ये लिहिला का, या साखळीत रूट एका कडीला असतो आणि पुढच्या कडीला नसतो. दोष त्या दोन कड्यांच्या मध्ये सापडतो, आणि क्लिअर केले की नेमका तोच पुरावा जातो.

रात्रपाळी

दादा, सकाळी चहा घेऊन साखळी तपासणे आणि रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी एकट्याने रॅकसमोर उभे राहणे यात फरक आहे. मी सातपूरला सहा वर्षे रात्रपाळी केली आहे. लाइन थांबली की सुपरवायझर रूट कोणत्या कडीला अडकला हे विचारत नाही, ‘किती वेळ?’ एवढेच विचारतो. माझे काम सेवा उभी करणे आहे; कारण शोधायला दिवसपाळीची माणसे आहेत.

क्लिअर हा अडाण्यांचा उपाय आहे, असा जो सूर आपल्या लेखनात आहे तो मला मान्य नाही. आमच्याकडे एका लीफवर एक रूट बीजीपीत होता, राउटिंग टेबलमध्ये होता, नेक्स्ट हॉपही बरोबर होता, आणि तरीही पॅकेट पुढे जात नव्हते, कारण स्विचच्या चिपमधल्या टेबलमध्ये ती नोंद पोहोचलीच नव्हती. कॉन्फिगमध्ये कितीही शोधले असते तरी काही सापडले नसते. मी सेशन क्लिअर केले, नोंदी नव्याने लिहिल्या गेल्या आणि 6 मिनिटांत लाइन चालू झाली. आपल्या पद्धतीने गेलो असतो तर पहाट झाली असती.

गोदाकाठचा लीफ

आपले उदाहरण खरे आहे आणि तसा दोष मीही पाहिला आहे. पण रूट राउटिंग टेबलमध्ये आहे आणि चिपमध्ये नाही, हे आपल्याला आधीच दिसले होते, म्हणजे आपण साखळी तपासली होती आणि नंतर क्लिअर केले होते. माझा आक्षेप न पाहता क्लिअर करण्याला आहे. शिवाय त्या वेळी चिपच्या टेबलचा डंप (जशीच्या तशी नक्कल) काढून ठेवला असता तर स्विच कंपनीकडे तक्रार नेता आली असती. तो काढला होता का?

रात्रपाळी

नाही काढला. तो दोष पुढे दोनदा आला, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

जुना टेलिफोनवाला

दोघांचेही वाचले. मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. सहा लीफसाठी ईव्हीपीएन कशासाठी हवे होते? व्हीएक्सलॅनचा व्हीएनआय 24 बिटांचा असतो, म्हणजे 1 कोटी 67 लाखांहून अधिक वेगळी नेटवर्क करता येतात. अंबडच्या कारखान्याला लागतात वीस. साध्या व्हीलॅनवर (स्विचवरच नेटवर्कचे भाग पाडण्याची जुनी पद्धत) हे चालले असते आणि रूट टार्गेट नावाची भानगड कोणाला शिकावी लागली नसती. चार्ल्स क्लॉस यांनी 1953 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्पाईन-लीफच्या मुळाशी असलेली रचना मांडली ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी, जिथे हजारो लाइनी एकमेकींना जोडायच्या होत्या. वीस व्हीलॅनसाठी हा हत्ती पोसायचा आणि मग तो कोणत्या पायाने लंगडतो यावर चर्चा करायची, हे मला उलटे वाटते.

सिन्नर फाटा

काका, आदर ठेवून असहमत. आमच्याकडे साधे व्हीलॅनच होते. एका कंत्राटदाराने छोट्या स्विचची दोन्ही टोके भिंतीवरच्या दोन पॉइंटमध्ये खोचली, त्या बाजूला स्पॅनिंग ट्री (जोडण्यांचा फेरा होऊ न देणारी व्यवस्था) बंद होते, आणि सगळा प्लांट ब्रॉडकास्टच्या वादळात गेला. तेव्हा कुठे रूट हरवला हे शोधायचीही सोय नव्हती, कारण एकाही स्विचवर लॉगिन होत नव्हते. फॅब्रिकमध्ये निदान काय कुठपर्यंत आले ते विचारता तरी येते.

वाट पाहणारी

मी नेटवर्क शिकवते आणि अधूनमधून इथल्या कारखान्यांची कामेही करते. मला रात्रपाळी यांच्याशी भांडायचे नाही, पण त्यांच्या युक्तिवादातला एक धोका दाखवायचा आहे: क्लिअर केल्याने कधीकधी नुसता बरे झाल्याचा भास होतो.

अंबड आणि सिन्नर अशा दोन प्लांटमधल्या भाड्याच्या लाइनवर हा अनुभव आला. दोन्ही टोकांना मोठा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) लावलेला होता, मधली लाइन तेवढी मोठी फ्रेम नेत नव्हती आणि ती टाकून दिल्याचे कळवतही नव्हती. बीजीपीचा कीपअलाइव्ह (‘मी चालू आहे’ एवढेच सांगणारा) संदेश 19 बाइटचा असतो, तो सहज जातो, म्हणून सेशन उभे राहते. मग रूट घेऊन जाणारा मोठा अपडेट निघतो आणि अडकतो. एकाच टीसीपी प्रवाहात असल्यामुळे त्याच्यामागचे कीपअलाइव्हही अडकतात. समोरच्याचा होल्ड टाइम (काही ऐकू न आल्यास वाट पाहण्याची मुदत) संपतो आणि सेशन पडते. तिथे होल्ड टाइम 180 सेकंद होता. म्हणजे क्लिअर केले की तीन मिनिटे सेशन ठणठणीत ‘अप’ दिसत असे, आणि तेवढ्यात ड्यूटीवरचा माणूस नोंदवहीत ‘क्लिअर केले, सेशन आले’ असे लिहून मोकळा होई. अशा सात नोंदी मी स्वतः वाचल्या आहेत, सगळ्या वेगवेगळ्या अक्षरांत.

दुसरे असे की काही रूट नसणे हेच त्या यंत्रणेच्या दृष्टीने योग्य असते. आरएफसी 8212 हा 2017 चा दस्तऐवज सांगतो की ईबीजीपी शेजाऱ्यासाठी पॉलिसी (कोणते रूट घ्यायचे-द्यायचे याचे नियम) लिहिलेली नसेल तर रूट घेऊही नयेत आणि देऊही नयेत. एफआरआर या मुक्त प्रणालीने 7.4 आवृत्तीपासून पारंपरिक प्रोफाइलमध्ये हे आपोआप लागू केले. एका ठिकाणी अपग्रेडनंतर सेशन सगळी चालू आणि रूट शून्य, अशी स्थिती झाली. सारांशाच्या तक्त्यात जिथे आलेल्या रूटची संख्या दिसते, तिथे कंसात ‘पॉलिसी’ असा शब्द आला होता. चार जण त्या पडद्यासमोर बसले होते. चौघांनीही ‘अप’ किती वेळ आहे तो रकाना वाचला आणि शेजारचा वाचला नाही.

4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हाही त्यांच्या डीएनएस (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरनी डेटा सेंटरशी संपर्क तुटल्याचे पाहून आपले बीजीपी रूट स्वतःच मागे घेतले होते. बाहेरून पाहणाऱ्याला रूट गायब दिसत होते; ते काढणारी यंत्रणा मात्र तिला नेमून दिलेले कामच करत होती.

रात्रपाळी

ताई, एमटीयूचे उदाहरण मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण जो होस्ट कालपर्यंत दिसत होता आणि आज नाही, तिथे पॉलिसी कशी बदलेल? आमच्याकडे एक लेबल प्रिंटर आहे. दर सोमवारी सकाळी दुसऱ्या लीफवरून तो दिसत नाही, प्रिंटर बंद करून चालू केला की दिसतो. मी तीन वेळा प्रिंटर बदलण्याची शिफारस केली आहे.

वाट पाहणारी

प्रिंटर बदलू नका. तो गप्प बसणारा होस्ट आहे. लीफ होस्टचा रूट तेव्हाच जाहीर करतो जेव्हा होस्ट स्वतः काही बोलतो, म्हणजे एआरपी (आयपीवरून हार्डवेअर पत्ता विचारणे) किंवा डीएचसीपीसाठी (स्वतःसाठी आयपी पत्ता मागणे) तोंड उघडतो. प्रिंटर तर फक्त ऐकणारा. रविवारी छपाई नाही, लीफवरची नोंद जुनी होऊन पुसली जाते, रूट मागे घेतला जातो, आणि ज्या लीफवर ते व्हीलॅनच नाही तिथून त्याला हाक मारायला वाट उरत नाही. बंद-चालू केल्यावर तो डीएचसीपी मागतो, म्हणून दिसू लागतो. येत्या सोमवारी प्रिंटरला हात न लावता त्याच्या स्वतःच्या लीफवरून त्याला एक पिंग करून पाहा. टाइप 2 रूट (एकेका होस्टचा) लगेच परत आला तर निदान पक्के. मग त्या सबनेटचा प्रिफिक्स (पत्त्यांचा अख्खा गट) टाइप 5 रूट म्हणून जाहीर करा, म्हणजे पॅकेट निदान त्या लीफपर्यंत पोहोचेल आणि तोच एआरपी करून प्रिंटरला उठवेल.

जुना टेलिफोनवाला

साध्या व्हीलॅनवर हे झाले नसते, एवढेच नोंदवतो.

सिन्नर फाटा

काका, हे तुमचे खरे आहे.

गोदाकाठचा लीफ

रात्रपाळी यांच्यासाठी एक तडजोड सुचवतो. क्लिअर करायचेच असेल तर एका वेळी एकाच स्पाईनकडचे करावे, आणि शक्य तिथे सॉफ्ट क्लिअर करावे, ज्यात सेशन पडत नाही आणि शेजाऱ्याकडून रूट फक्त पुन्हा मागवले जातात. चिपमधल्या नोंदीचा दोष त्याने सुटेलच असे नाही, हे मी मान्य करतो. पण त्याआधी दोन्ही लीफ आणि एक स्पाईन यांवरचे त्या एका रूटचे तपशील फाइलमध्ये उतरवायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे सुपरवायझरकडून मागून घेण्याची जबाबदारी दिवसपाळीच्या वरिष्ठांची आहे, रात्रीच्या एकट्या माणसाची नाही. माझ्या पहिल्या लेखनात हे राहून गेले होते.

रात्रपाळी

दोन मिनिटे लेखी मिळणार असतील तर माझी तक्रार नाही. कमांड कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवतो, कारण त्या वेळी डोके चालत नाही.

सोमवार झाला. पिंग केल्यावर दुसऱ्याच सेकंदाला रूट आला. प्रिंटर बदलण्याची शिफारस मागे घेतली आहे. नवा प्रिंटर मात्र शनिवारीच येऊन पडला आहे, तो आता कुठे लावायचा ते स्टोअरवाले विचारत आहेत.