शब्दचर्चा: कॅनव्हास, रिटर्न, स्कॅटरिंग आणि 'ज्युनियर' (न्यूयॉर्क, १८१४)

उंबरठा:
न्यूयॉर्क राज्यात १८१४ साली अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेसाठी निवडणूक झाली, ती आणि तिच्यातले जागांचे तंटे यांवरचा मजकूर मराठीत करतो आहे. चार शब्दांपाशी अडलोय. 'कॅनव्हासर' म्हणजे प्रचारक असं कोश सांगतो. पण इथे राज्याचे सचिव आणि खजिनदारच कॅनव्हासर आहेत. ते कोणाचा प्रचार करणार? 'रिटर्न' म्हणजे सरळ निकाल म्हणावं का? 'स्कॅटरिंग' नावाच्या उमेदवाराला जिथे तिथे पाच-दहा मतं पडलेली दिसतात, हा कोण? आणि नावामागचं 'ज्युनियर' गाळलं तर चालेल का?

मोडीवाचक:
शेवटच्याचं उत्तर आधी: गाळू नका. त्या एका शब्दापायी त्या काळात निवडून आलेले लोक घरी बसले होते. त्याकडे येतोच.

कॅनव्हास हे मुळात जाड कापड. त्यावरून झोडपणे, मग एखादी गोष्ट नीट तपासून पाहणे आणि पुढे घरोघरी फिरून मतं मागणे असे अर्थ निघाले. आपल्याकडे 'कॅनव्हासिंग' यातल्या शेवटच्या अर्थानेच रुळलं. अमेरिकेत तपासण्याचा अर्थही टिकला, आणि निवडणूक कायद्यात तोच आहे. न्यूयॉर्कचे राज्य कॅनव्हासर म्हणजे सचिव, कंप्ट्रोलर (राज्याचा हिशेब तपासनीस) आणि खजिनदार. खालून आलेले आकडे जोडायचे आणि कोण निवडून आलं याचा दाखला द्यायचा, एवढंच त्यांचं काम. 'छाननी' शब्द मोहात पाडेल, पण मराठी वाचकाच्या डोक्यात छाननी म्हणजे उमेदवारी अर्जांची. मी 'पडताळणी मंडळ' लिहीन.

सातबारा:
'स्कॅटरिंग' हा उमेदवार बराच लोकप्रिय दिसतो! तो माणूस नव्हे. मुख्य नावं सोडून इकडेतिकडे पडलेली एक-दोन मतं कारकून एका ओळीत एकत्र करून टाकायचा, ती ही ओळ. मराठीत 'किरकोळ मते' चपखल बसतं. 'विखुरलेली मते' नको, त्याने एकाच उमेदवाराची मतं अनेक ठिकाणी पसरली असा भास होतो.

पण किरकोळ म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नका. मजकूर न्यूयॉर्कचा असेल तर ती निरुपद्रवी, कारण तिथे ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून आला. मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर, व्हरमाँट या बाजूला मात्र एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागत. समजा एकूण १००० मतं. एकाला ४९९, दुसऱ्याला ४८०, किरकोळ २१. हवीत ५०१, म्हणजे कोणीच निवडून आलं नाही आणि त्या संपूर्ण मतदारसंघात पुन्हा मतदान. तिथे ती एकवीस मतंच निवडणूक अडवून धरतात. म्हणून 'मेजॉरिटी' आणि 'प्लुरॅलिटी' दोन्हींना 'बहुमत' लिहू नका. पहिल्याला 'निम्म्याहून अधिक मते', दुसऱ्याला 'सर्वाधिक मते'. 'मताधिक्य' तर मुळीच नको; आपली वर्तमानपत्रं तो शब्द दोन उमेदवारांमधल्या फरकासाठी वापरतात.

उंबरठा:
धन्यवाद. मग 'रिटर्न' म्हणजे या मोजणीचा निकालच ना?

मोडीवाचक:
नाही, आणि सगळा गुंता इथेच आहे. इंग्लंडात निवडणुकीचा हुकूम शेरीफकडे, म्हणजे राजाच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे, जायचा. शेरीफ निवडणूक घेऊन, निवडून आलेल्याचं नाव लिहून तो कागद परत पाठवायचा. हा परत पाठवलेला कागद म्हणजे रिटर्न. आपल्या 'रिटर्निंग ऑफिसर'मध्ये तोच शब्द आहे, पण मराठीत त्याचा 'निवडणूक निर्णय अधिकारी' झाला आणि कागद परत पाठवण्याची खूण पुसली गेली.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या पाचव्या कलमात प्रत्येक सभागृहाला आपल्या सदस्यांच्या तीन गोष्टींचा न्यायनिवाडा करायचा अधिकार दिला आहे: निवडणूक, रिटर्न आणि पात्रता. निवडणूक आणि रिटर्न हे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी आहेत. लोकांनी काय केलं ही एक गोष्ट, आणि लोकांनी काय केलं असं कागद सांगतो ही दुसरी. दोन्हीला 'निकाल' म्हटलं की तुमच्या मजकुरातला तंटाच वाचकाला कळणार नाही. मी 'मोजणीपत्रक' म्हणतो. याहून चांगला शब्द कोणाकडे असेल तर सुचवावा.

खलबत्ता:
मोजणीपत्रक ठीक आहे, फक्त ते एक नसे, हे अनुवादात दिसायला हवं. एका मताचा प्रवास असा: मतदान एप्रिलच्या शेवटी, तीन दिवस. प्रत्येक 'टाउन'मध्ये सुपरवायझर (टाउनचा प्रमुख), कर-आकारणी करणारे असेसर आणि टाउन क्लार्क हे 'इन्स्पेक्टर' म्हणून बसत. मतदार नाव सांगे, कारकून ते मतदार-यादीत लिही, घडी घातलेली चिठ्ठी पेटीत जाई. तिसऱ्या दिवसानंतर पेटी उघडून मोजणी, मग इन्स्पेक्टरांच्या सहीचं पत्रक. ते काउंटी क्लार्ककडे. काउंटी क्लार्क सगळ्या टाउनांचे आकडे उतरवून राज्याच्या सचिवाकडे ऑल्बनीला, म्हणजे राजधानीत, पाठवी. तिथे पडताळणी मंडळ. म्हणजे उमेदवाराचं नाव टाक-दौतीने किमान तीनदा नव्याने लिहिलं जाई, तेही वेगवेगळ्या हातांनी.

मोजणीचेही नियम होते. १८२० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या कायद्यात आधी चिठ्ठ्या न उघडता मोजायच्या आणि मतदार-यादीतल्या नावांशी संख्या जुळवायची. एकात एक घडी घातलेल्या चिठ्ठ्या आढळल्या आणि संख्या यादीपेक्षा जास्त भरत असली तर त्या नष्ट. तरीही जास्त उरल्या तर सगळ्या पेटीत परत टाकून, जितक्या जास्त तितक्या एका इन्स्पेक्टरने न बघता काढून फाडायच्या. त्यात कोणाचं मत जाईल हे नशीब. आजच्या वाचकाला हे अजब वाटेल, पण जास्तीची चिठ्ठी कोणती हे ओळखायचा दुसरा मार्ग नव्हता.

या निमित्ताने तीन सावध सूचना. 'इन्स्पेक्टर'ला 'निवडणूक निरीक्षक' म्हणू नका. आपल्याकडे निरीक्षक बाहेरून येऊन नजर ठेवतो, हे लोक स्वतः मतं घेत आणि मोजत. 'टाउन'ला शहर म्हणू नका. तो काउंटीचा तुकडा, त्यात शेतं-रानंही आली. आणि काउंटीला जिल्हा म्हणाल तर पुढे 'डिस्ट्रिक्ट' आल्यावर पंचाईत होईल, कारण तो मतदारसंघ आहे. टाउन, काउंटी तसेच राहू द्या.

सातबारा:
चिठ्ठीबद्दल थोडं. 'बॅलट'ला मतपत्रिका लिहिलं की वाचक सरकारने छापलेला, सगळ्या उमेदवारांची नावं असलेला कागद डोळ्यांसमोर आणतो. तसा कागद अमेरिकेत १८८८ नंतर आला. १८१४ मध्ये मतदार आपली चिठ्ठी घेऊन येई. हाताने लिहिलेली, नाहीतर पक्षाने किंवा वर्तमानपत्राने छापून वाटलेली. त्या छापील चिठ्ठीला 'तिकीट' म्हणत, कारण तिच्यावर पक्षाच्या उमेदवारांची यादी असे. आपल्याकडे 'तिकीट कापलं', 'तिकीट मिळालं' म्हणतात त्यामागे हाच अर्थ, जरा सरकलेला. नुसतं 'चिठ्ठी टाकून निवड' लिहिलं तर मराठीत त्याचा अर्थ सोडत असा होतो, तेव्हा 'मतचिठ्ठी' बरं.

शब्दचर्चेतच शोभेल असा एक खटला याच विषयावर झाला. मॅसॅच्युसेट्सच्या घटनेत राज्याच्या प्रतिनिधींची निवड 'लिखित' मतांनी करावी असं होतं. १८२९ मध्ये बोस्टनमध्ये डेव्हिड हेनशॉची छापील चिठ्ठी नाकारली गेली. हेनशॉ विरुद्ध फॉस्टर या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की छापील चिठ्ठी हीही लिखितच.

आणि सगळीकडे चिठ्ठी होती असं समजू नका. व्हर्जिनिया, केंटकीत मतदार सर्वांसमक्ष मोठ्याने उमेदवाराचं नाव सांगे आणि कारकून पोल-बुकात (मतांच्या नोंदवहीत) त्या उमेदवाराच्या रकान्यात मतदाराचं नाव लिही. तिथे 'मोजणी' म्हणजे नावं मोजणे. तंटा उद्भवला तर एकेक मतदार घेऊन त्याला हक्क होता की नाही हे तपासता येई. चिठ्ठीत ते शक्य नसतं.

उंबरठा:
हक्कावरून आठवलं. मतदारांसाठी 'फ्रीहोल्डर' (जमिनीचा मालक) शब्द आहे. 'मिरासदार' लिहावंसं वाटतंय.

मोडीवाचक:
शब्द सुंदर, पण चुकीचा वास घेऊन येतो. मिरासदार म्हटलं की गावातले मानपान, उपरी कुळं, वतनं सगळं डोळ्यांपुढे येतं. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या घटनेप्रमाणे काउंटीत २० पौंडांची मालकीची जमीन, किंवा वर्षाला ४० शिलिंग भाड्याची जागा, आणि कर भरलेला, एवढं असलं की राज्याच्या असेंब्लीसाठी, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहासाठी, मत देता येई. प्रतिनिधी सभेसाठीही तीच पात्रता, कारण संघराज्याच्या घटनेने ती असेंब्लीच्या मतदारांशी जोडली होती. गव्हर्नर आणि राज्य सेनेटसाठी मात्र १०० पौंडांची मालकीची जमीन हवी. त्यामुळे प्रतिनिधी सभेचा मतदार सरसकट फ्रीहोल्डर नाही, त्यात भाडेकरूही आले. 'जमीनमालक मतदार' आणि 'भाडेकरू मतदार' असं साधं लिहा.

'काँग्रेसची निवडणूक' हे शीर्षकही टाळा. एक तर मराठीत काँग्रेस म्हटल्यावर वेगळंच मनात येतं. दुसरं, सेनेटर तेव्हा राज्यांची विधिमंडळं निवडत आणि १९१३ पर्यंत निवडत राहिली. जनतेचं थेट मत फक्त प्रतिनिधी सभेला.

नाममात्र:
आता ज्युनियर. १८१४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या एका मतदारसंघात डॉ. वेस्टेल विलोबी ज्युनियर उभे होते. हर्किमर काउंटीतल्या काही टाउनांची मतं कागदावर 'वेस्टेल विलोबी' या नावाने आली, ज्युनियर गळालं. पडताळणी मंडळाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. बेरीज वेगवेगळी झाली आणि दाखला मिळाला प्रतिस्पर्धी विल्यम स्टीफन्स स्मिथ यांना. विलोबींनी प्रतिनिधी सभेकडे तक्रार केली. १३ डिसेंबर १८१५ ला त्यांना जागा मिळाली. तारीख बघा: मतदान एप्रिल १८१४, नवी सभा भरली ४ डिसेंबर १८१५ ला. दीड वर्षाहून जास्त काळ चुकीच्या माणसाकडे दाखला.

त्याच निवडणुकीत इरॅस्टस रूट यांची मतं 'रॉट' अशी लिहून आली. प्रतिस्पर्ध्याला दाखला मिळाला, आणि २६ डिसेंबर १८१५ ला सभेने रूट यांना बसवलं. या प्रतिस्पर्ध्याचं नाव जॉन अॅडम्स. हे राष्ट्राध्यक्ष नव्हेत, तळटीप द्याच. कारण वरच्या प्रकरणातले स्मिथ हे खरोखरच राष्ट्राध्यक्ष अॅडम्सचे जावई, आणि वाचक हमखास दोन्हीची सरमिसळ करेल.

बरं, यावरून कोणी शहाणं झालं म्हणावं तर नाही. जेम्स गायन ज्युनियर विरुद्ध एबेनेझर सेज, जानेवारी १८२०. डॅनियल ह्यूगनिन ज्युनियर विरुद्ध एग्बर्ट टेन आइक, डिसेंबर १८२५. सायलस राइट ज्युनियर विरुद्ध जॉर्ज फिशर, फेब्रुवारी १८३०. सगळी न्यूयॉर्कची, सगळीकडे ज्युनियर गळालेलं, आणि प्रत्येक वेळी सभेने तक्रारदाराच्या बाजूने कौल दिला. राइट तोवर राज्याचे कंप्ट्रोलर झाले होते, त्यांनी जागा घेतलीच नाही.

उंबरठा:
पण सगळ्यांना माहीत होतं कोण उभं आहे ते. पडताळणी मंडळाने दोन ओळी जोडल्या का नाहीत?

नाममात्र:
त्यांना तो अधिकारच नव्हता. समोर आलेल्या कागदावर जे नाव, त्याचीच बेरीज. मतदाराच्या मनात कोण होतं हे ठरवायला साक्षीपुरावा लागतो: इन्स्पेक्टरांची प्रतिज्ञापत्रं, काउंटीतली मूळ पत्रकं, त्या नावाचा दुसरा कोणी उमेदवार नव्हता याची शहानिशा. ते काम प्रतिनिधी सभेच्या निवडणूक समितीचं. १७८९ पासूनची ती सभेची पहिली स्थायी समिती. मंडळाला ही मुभा दिली असती तर दर निवडणुकीत सत्ताधारी पक्षाचे तीन अधिकारी कोणाची मतं कोणाला जोडायची ते ठरवत बसले असते. माझ्या मते नियम कडक होता तेच बरं. वाईट होती ती दीड वर्षाची वाट.

खलबत्ता:
समितीला आणखी एक प्रश्न सोडवावा लागे. ज्युनियर कुठे गळालं: मतचिठ्ठीवरच की नंतर उतरवताना? उतरवताना गळालं असेल तर टाउनचं मूळ पत्रक पाहून दुरुस्ती होते. चिठ्ठीवरच नसेल तर मतदाराचा हेतू सिद्ध करावा लागतो. अनुवादात 'मते दुसऱ्या नावाने पडली' आणि 'मते दुसऱ्या नावाने कळवली गेली' हा फरक प्रत्येक ठिकाणी मूळ पाहून करा. 'दुसऱ्या नावाने नोंदली गेली' या वाक्यात दोन्ही लपतात.

उंबरठा:
समजलं. मग ज्युनियरला 'धाकटे' लिहू? वेस्टेल विलोबी धाकटे?

नाममात्र:
कानाला गोड आहे, पण तंट्याच्या मजकुरात नको. तिथे तो नावाचाच भाग आहे. अक्षरशः तो शब्द कागदावर होता की नाही यावर सगळं अवलंबून. 'ज्युनियर'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा.

अर्थ सांगताना 'मुलगा' एवढंच लिहू नका. त्या काळी एकाच टाउनमध्ये एकाच नावाचे दोघे असले की वयाने लहान तो ज्युनियर. नातं बाप-लेकाचं असायलाच हवं असं नाही, काका-पुतण्या किंवा कोणीही. आणि थोरला वारला की धाकट्याच्या नावातून ज्युनियर बहुधा निघून जाई. म्हणून पुस्तकाला नामसूची करणार असाल तर नुसत्या ज्युनियरवरून दोन नोंदी वेगळ्या किंवा एक करू नका. टाउन आणि साल पाहून ठरवा, आणि मजकुरात जिथे ज्युनियर नाही तिथे स्वतःहून घालू नका.