मदत हवी आहे: सायडरचे आंबणे मध्येच थांबले

नमस्कार. इंग्लंडमधील हेरफर्डशर येथे सायडर (सफरचंदाच्या रसाचे मद्य) बनवण्यासाठी आमच्या परसातील सफरचंदांचा रस मी पाण्याच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये आंबत ठेवला असून, झाकणाला भोक पाडून बसवलेल्या नळीचे दुसरे टोक पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटलीत बुडवले आहे. विकतच्या एअरलॉकइतकेच (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) चोख काम हा जुगाड करतो. मात्र हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजणारे उपकरण) १.०५० वरून उतरलेली घनता १.०२० वर अडकली आहे, म्हणजे साखर अजून शिल्लक आहे; बुडबुडे थांबले आहेत आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. गॅरेजमध्ये जेमतेम १० अंश तापमान असल्याने यीस्ट गारठले असावे, की रसात यीस्टला लागणारा नायट्रोजन कमी पडला असावा? कॅन उबेला आणून यीस्टचे पोषक द्रव्य आता घालावे, की नवे यीस्टच घालावे? साखर शिल्लक असताना भरलेल्या काचेच्या बाटल्या फुटू शकतात, म्हणून तूर्त बाटल्या भरलेल्या नाहीत.