डोळे मिटले की राहिलेली कामे समोर उभी राहतात

ओंजळ (प्रश्न)

नमस्कार. देवाजवळ निवांत बसण्यासाठी रोज वीस मिनिटे काढायची, असा निश्चय मी गेल्या वर्षभरात पाच-सहा वेळा केला आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोडला. नोकरी, शाळेत जाणारी दोन मुले आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई यांच्या व्यापात वेळच मिळत नाही, असे मी विचारणाऱ्यांना सांगते. परंतु ते अर्धेच खरे आहे, कारण रात्री सगळे झोपल्यावर तासभर मोबाइल चाळायला मला वेळ सापडतो. खरी अडचण वेगळीच आहे. पहाटे साडेपाचला उठून मी बसते, डोळे मिटते, आणि दुसऱ्याच मिनिटाला, एका सहकाऱ्याला काल जे उत्तर द्यायला हवे होते ते मनातल्या मनात शब्दन् शब्द तयार होऊ लागते. भानावर येईपर्यंत दहा मिनिटे गेलेली असतात. मग स्वतःचीच चीड येते, आणि अशा चिडलेल्या मनाने देवासमोर काय बसायचे, असे वाटून मी उठते. पूर्वी नुसते गप्प बसले तरी कोणीतरी अगदी जवळ आहे असे जाणवायचे. हल्ली तेही जाणवत नाही. वेळ कसा काढावा हे विचारायचे आहेच, पण काढलेला वेळ असा वाया जात असेल तर काय करावे, हे अधिक विचारायचे आहे.

जुना वाटसरू

ताई, तो वेळ वाया जातो हे आपण कशावरून ठरवले? गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हीच तक्रार केली आहे की, मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके अवघड आहे. आणि श्रीकृष्ण त्याला खोडून काढत नाहीत, मन चंचल आहे यात शंका नाही असेच म्हणतात, व मग अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. त्याच अध्यायातील २६ वा श्लोक आपल्या अडचणीला नेमका लागू पडतो: मन जिथे जिथे भरकटेल तिथून तिथून त्याला माघारी आणावे. मन भरकटणार, हे त्यात गृहीतच धरले आहे. तेव्हा वीस मिनिटांत आठ वेळा मन सुटले आणि आठ वेळा आपण ते परत आणले, तर आपण आठ वेळा देवाकडे वळलात, असा हिशेब मी तरी मांडतो. चूक झालीच असेल तर ती उठून जाण्यात.

थोरामोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. स्पेनमधील संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे की, कित्येक वर्षे प्रार्थनेत मन लावण्यापेक्षा तो ठरलेला तास कधी संपतो आणि घड्याळाचे टोले कधी पडतात, इकडेच त्यांचे लक्ष अधिक असे. याच तेरेसांना १९७० मध्ये कॅथलिक चर्चने आचार्यपदाचा मान दिला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. म्हणून आपण एवढ्यावरच खचून जाऊ नये.

शाईचा डाग

वरील विवेचन पटले, तरी मला दोन अगदी साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट मोबाइलची. मी पहाटेचा गजर मोबाइलवरच लावत असे. तो बंद करायला हात गेला की रात्री आलेले निरोप दिसत, आणि बसण्यापूर्वीच मन चार ठिकाणी वाटले जाई. शेवटी किल्लीचे घड्याळ आणले आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवू लागलो. सुरुवातीचे काही दिवस हात उगाचच उशाशी चाचपडत असे, हे सांगायला आता हसू येते. दुसरी गोष्ट, बसताना शेजारी कागद-पेन्सिल ठेवावी. एखादे काम फारच छळू लागले तर डोळे उघडून त्याचा एकच शब्द लिहावा आणि पुन्हा डोळे मिटावेत. ते काम विसरणार नाही अशी खात्री पटली की मन त्याचा पिच्छा सोडते.

वीस मिनिटांचा आग्रहही सोडावा. सात मिनिटे बसा, पण रोज बसा. ज्ञानेश्वरांनी याच सहाव्या अध्यायावर लिहिताना मनाचा एक गुण सांगितला आहे की, ज्या ठिकाणी त्याला गोडी लागते तिथे ते सोकावते. रात्रीच्या मोबाइलला ते सोकावले आहे ते याच गुणामुळे. तोच गुण पहाटेच्या कामी आणायचा, तर बसणे कंटाळा येण्याआधी संपलेले बरे.

निःशब्द

माझे मत थोडे वेगळे आहे. इथे सगळी चर्चा पहाटेच्या त्या काही मिनिटांभोवती फिरते आहे आणि सासूबाईंची सेवा जणू अडथळ्यांच्या यादीत जाऊन बसली आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधक स्वयंपाकघरात राबत. ते काम त्यांना मनापासून नावडते होते, तरीही भांड्यांच्या खडखडाटात देवाचे सान्निध्य प्रार्थनेच्या वेळेइतकेच लाभते, असे ते सांगत. सासूबाईंची कूस बदलताना, त्यांच्या पाठीखाली हात घालता घालता, मनात एकदा देवाचे नाव घेतले तर त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

आणि ‘कोणीतरी जवळ आहे’ ही जाणीव म्हणजेच जवळीक, असे धरून चालू नये. झोपलेल्या मुलाला आई जवळ असल्याचे कळत नाही, म्हणून ती उठून गेलेली नसते.

जुना वाटसरू

निःशब्द यांचे म्हणणे मान्य आहे, मात्र एक पुस्ती जोडतो. लॉरेन्स यांच्या मठात प्रार्थनेच्या वेळाही ठरलेल्या होत्याच. ‘माझे काम हीच माझी पूजा’ असे म्हणत मी स्वतः बरीच वर्षे बसण्याचे टाळले, आणि त्या वर्षांत कामात देव आठवला असे फार क्वचित घडले.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. नऊ दिवस सात मिनिटांचाच नेम ठेवला. पहिल्या दिवशी कागदावर पाच शब्द होते, काल दोन, आज पुन्हा चार. सहकाऱ्याला द्यायचे उत्तर अजून रोज हजेरी लावते. पण परवा ते तयार होत असतानाच माझ्या लक्षात आले, आणि चीड येण्याऐवजी हसू आले. सेवेच्या वेळी नाव घेण्याचे मात्र निम्म्या वेळा विसरते. काल रात्री चादर बदलताना ते नकळत मोठ्याने तोंडून गेले, तर सासूबाईंनी डोळे न उघडताच विचारले, “काय म्हणालीस?” मी पुन्हा म्हणाले, आणि मग त्याही माझ्याबरोबर हळूहळू म्हणू लागल्या.